ओबीएमचं पॉवरहेड स्वतः बदलताय? या चुका टाळा

नाशिकमध्ये आउटबोर्ड मोटर, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावायची ओबीएम, चालवणारे लोक मोजकेच. गंगापूर धरणावरच्या बोटी, पुराच्या वेळी बाहेर पडणाऱ्या बचावपथकांच्या बोटी आणि काही हौशी मंडळींच्या स्वतःच्या. त्यामुळे ओबीएमचा जाणता मेकॅनिक इथे चटकन मिळत नाही. मोटर टेम्पोत घालून मुंबईला न्यायची, नंबर लागेपर्यंत थांबायचं, परत आणायची, हा खटाटोप बघून काहीजण ठरवतात की पॉवरहेड, म्हणजे मोटरचा वरचा इंजिनाचा भाग, आपणच बदलू. जरूर बदला. सातपूर-अंबडच्या एमआयडीसीमुळे लेथवाले, सरफेस ग्राइंडिंगवाले, तुटलेला बोल्ट काढून हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) बसवणारे कारागीर आपल्या हाताशी आहेत. किनाऱ्यावरच्या कित्येक गावांना ही सोय नाही.

मात्र नवं पॉवरहेड बसवलं आणि थोड्याच तासांत तेही जाम झालं, अशी तक्रार या कामात वारंवार ऐकू येते. अशा वेळी बसवणाऱ्याचा हात सहसा चुकलेला नसतो. जुनं पॉवरहेड ज्या दुखण्याने गेलं ते दुखणं मोटरमध्ये तसंच राहिलेलं असतं, आणि नवं इंजिन त्याच्याच तोंडी दिलं जातं. म्हणून या लेखात पाना हातात घेण्याआधीच्या गोष्टींना जास्त जागा दिली आहे.

इथलं सगळं कार्ब्युरेटरवाल्या टू-स्ट्रोक मोटरला धरून आहे, साधारण ४० एचपीपर्यंतच्या. इंजेक्शनवाली फोर-स्ट्रोक मोटर पहिल्या कामासाठी घेऊ नका. तिच्यात टायमिंग बेल्ट, सेन्सर, ऑईलचे मार्ग असं बरंच काही वाढतं आणि एक खूण चुकली तरी व्हॉल्व्ह वाकू शकतात.

जुनं का गेलं हे न शोधता नवं मागवणं

आधी पॉवरहेड खरंच गेलंय का ते बघा. कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजणारा मीटर) लावा. सगळे प्लग काढा, इग्निशन बंद राहील अशी व्यवस्था करा, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि गेजचा काटा चढायचा थांबेपर्यंत इंजिन फिरवा. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. नाशिक समुद्रसपाटीपासून जवळपास ६०० मीटर उंचीवर आहे, हवा विरळ आहे, त्यामुळे त्याच इंजिनचा आकडा मुंबईपेक्षा इथे सहा-सात टक्क्यांनी कमी येतो. फोनवर मुंबईच्या मेकॅनिकने सांगितलेल्या आकड्याशी आपला आकडा ताडून घाबरू नका. सिलिंडर-सिलिंडरमधला फरक बघा. तो १० ते १५ टक्क्यांच्या वर असेल तर आत काहीतरी बिघडलंय. तरीही लगेच निकाल देऊ नका, कारण हेडचं पॅकिंग उडालं असेल तरी काटा असाच पडतो, आणि ते काम पॉवरहेडच्या मानाने किरकोळ आहे.

जुनं पॉवरहेड उतरवल्यावर भंगारात घालायच्या आधी ते उघडा. हेड काढा, पिस्टन बाहेर घ्या आणि उन्हात धरून सगळीकडून बघा. फक्त एक्झॉस्टच्या बाजूला उभे ओरखडे आणि बाकी अंग स्वच्छ असेल, तर तिथली ऑईलची फिल्म तुटली होती. म्हणजे पेट्रोल कमी पडून पेट्रोल-हवेचं मिश्रण लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) झालं किंवा ऑईलच पोहोचलं नाही. चार ठिकाणी सारख्या अंतरावर घासल्याच्या खुणा दिसल्या तर पिस्टन सिलिंडरपेक्षा जास्त फुगला होता. याचं कारण एकतर पाणी फिरत नव्हतं, नाहीतर थंड इंजिन सुरू करून लगेच पूर्ण थ्रॉटल दिला गेला. पिस्टनच्या माथ्याची कड उंदराने कुरतडल्यासारखी खाल्लेली असेल किंवा मधोमध भोक असेल तर डिटोनेशन किंवा प्री-इग्निशन, म्हणजे मिश्रण स्फोटासारखं किंवा अवेळी पेटणं. अशा वेळी टायमिंग, प्लगचा नंबर आणि पुन्हा लीन मिश्रण, या तिन्हींवर संशय घ्यायचा. कॉनरॉडच्या बेअरिंगवर गंजाचे ठिपके असतील तर क्रँककेसमध्ये पाणी गेलेलं आहे.

कोणता सिलिंडर गेला हेही बोलकं असतं. जिथे प्रत्येक सिलिंडरला वेगळा कार्ब्युरेटर आहे तिथे एकच सिलिंडर गेला असेल तर आधी त्याच्या कार्ब्युरेटरचे जेट उघडून बघा. सगळे एकदम गेले असतील तर पाणी, ऑईल किंवा सगळ्यांना मिळणारं पेट्रोल, यांवर संशय घ्या.

हे एकदा कळलं की पुढची यादी आपोआप तयार होते. कारण काहीही निघो, पॉवरहेड बदलताना वॉटर पंपचा इंपेलर (पाणी ढकलणारं रबरी पात्यांचं चाक), थर्मोस्टॅट, पेट्रोलचे पाइप, प्रायमर बल्ब, फिल्टर आणि फ्युएल पंपचा पडदा नवे टाकाच. कार्ब्युरेटर पूर्ण उघडून साफ करा. जुन्या पॉवरहेडवरून काढून तसाच नव्यावर चढवलेला कार्ब्युरेटर हा नवं इंजिन मारण्याचा सगळ्यात सोपा मार्ग आहे.

इंपेलरच्या बाबतीत एक जास्तीची काळजी घ्या. जुना इंपेलर काढल्यावर त्याच्या पात्या मोजा. एखादी तुटलेली असेल तर तो रबराचा तुकडा गेला कुठे हे शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका. तो पंपातून वर जाणाऱ्या नळीत अडकलेला असू शकतो. नवं पॉवरहेड बसल्यावर पाण्याच्या जोराने तो वर सरकतो आणि नेमका कूलिंगच्या अरुंद वाटेत जाऊन बसतो. नळीतून हवा मारा, तार फिरवा, तुकडा हातात येऊ द्या. गोदावरीच्या खालच्या पात्रात जिथे पानवेली साचतात तिथे मोटर चालवली असेल तर गिअरकेसवरच्या (खाली प्रोपेलरजवळच्या गिअरच्या पेटीवरच्या) पाणी ओढायच्या जाळ्याही मुळांनी बुजलेल्या असतात. त्या मोकळ्या करा.

पुरात बुडालेल्या मोटरचं प्रकरण वेगळं. गोदेला पूर आला की काठावर ठेवलेली मोटर पाण्याखाली जायला वेळ लागत नाही. बाहेर काढल्यावर काही तासांत आतलं पाणी काढून, आत ऑईल घालून ती चालवली नाही तर बेअरिंगना गंज चढतो आणि पॉवरहेड बदलण्याची वेळ येते. अशा मोटरला नुसतं नवं पॉवरहेड पुरत नाही. कॉइल, सीडीआय (स्पार्क देणारं इलेक्ट्रॉनिक युनिट), वायरिंगचे सगळे जोड तपासा. गिअरकेसचं ऑईल काढून बघा. ते दुधाळ असेल तर तिथेही पाणी शिरलंय.

एचपी तोच, म्हणून पॉवरहेड तेच समजणं

दोन्ही मोटरींवर ४० लिहिलंय एवढ्यावर खरेदी करू नका. एकाच कंपनीच्या एकाच एचपीच्या मोटरीत वर्षागणिक बेसच्या बोल्टांच्या जागा, ड्राइव्हशाफ्टच्या (इंजिनची फिरकी खाली प्रोपेलरकडे नेणाऱ्या दांड्याच्या) स्प्लाइन म्हणजे दाते, फ्लायव्हीलचा (क्रँकवरच्या जड चाकाचा) प्रकार बदललेला असतो. ब्रॅकेटवरच्या पट्टीचा मॉडेल कोड आणि सीरियल नंबर विक्रेत्याला पाठवा, बेसचा खालून काढलेला फोटो मागवा आणि तो आपल्या पॅकिंगशी जुळवा.

सेकंडहँड पॉवरहेड बहुधा किनाऱ्याकडून येतं, म्हणजे खाऱ्या पाण्यात चाललेलं. थर्मोस्टॅटचं झाकण उघडून बघा. आत पांढरी पूड आणि पापुद्रे असतील, पाण्याच्या वाटा निम्म्या बुजलेल्या असतील तर स्वस्त मिळतंय म्हणून घेऊ नका. मोबाईलला जोडायचा एंडोस्कोप कॅमेरा प्लगच्या भोकातून आत घालून बोअरही (सिलिंडरची आतली भिंत) पाहता येतो. विक्रेता तेवढंही करू देत नसेल तर परत फिरा.

घाईने सोडवणं

बॅटरीची वायर काढल्याशिवाय आणि पेट्रोलची टाकी दूर नेल्याशिवाय सुरुवात करू नका. मग फोटो काढा, भरपूर काढा. प्रत्येक वायरला चिकटपट्टीने नंबर द्या. अर्थिंगची वायर कोणत्या बोल्टखाली होती हेही लिहून ठेवा, कारण नंतर स्पार्क येत नाही म्हणून दोन दिवस डोकं खाणारी हीच वायर असते.

अॅल्युमिनियममध्ये वर्षानुवर्षं बसलेला स्टीलचा बोल्ट ताकदीने सुटत नाही, तुटतो. पॉवरहेड खालून धरणारे बोल्ट तर हमखास. आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. सकाळी बोल्टच्या भोवतालचं अॅल्युमिनियम हीटगनने तापवा. अॅल्युमिनियम स्टीलपेक्षा जास्त प्रसरण पावतं, त्यामुळे पकड ढिली होते. मग थोडं सैल, थोडं घट्ट, पुन्हा थोडं सैल असं करत आणा. तरी तुटलाच तर हँडड्रिलने कोरत बसण्यापेक्षा काम लेथवाल्याकडे द्या. भोक तिरकं गेलं की बेसच वाया जातो.

फ्लायव्हील काढायला पुलर लागतो, तोही फ्लायव्हीलच्या आट्यांच्या भोकांत बोल्ट बसवून ओढणारा. कडेला पकडून ओढणाऱ्या तीन पायांच्या पुलरने फ्लायव्हील वाकतं. क्रँकच्या टोकावर हातोडी मारली तर त्याचा मार थेट बेअरिंगला बसतो. परत बसवताना टेपर (क्रँकचं निमुळतं टोक) कोरडा आणि स्वच्छ हवा, ग्रीस अजिबात नको. फ्लायव्हील क्रँकवर जागेवर धरणारी छोटी चावीही नीट तपासा. ती थोडी जरी कातरली गेली असेल तर टायमिंग सरकतं, आणि मग कुरतडलेल्या पिस्टनपर्यंत पुन्हा वेळ यायला उशीर लागत नाही.

४० एचपीचं पॉवरहेड उचलायला दोन माणसं हवीतच. चेन ब्लॉक मिळाला तर उत्तम. उतरवताना लागणारा सावकाशपणा हाताने येत नाही.

बोल्ट आवळून पॉवरहेड खाली ओढणं

नवशिक्यांकडून होणारी ही सगळ्यात महागडी चूक. ड्राइव्हशाफ्टच्या स्प्लाइन क्रँकच्या खालच्या भोकात जुळायला हव्यात. त्या जुळल्या नाहीत तर पॉवरहेड बेसपासून थोडं वर अडकून राहतं. बोटभर फट दिसते, वाटतं की बोल्ट आवळले की बसेल. बोल्ट आवळत गेलं की शाफ्ट क्रँकला खालून रेटतो, आणि बेअरिंग किंवा गिअरकेस, कुठेतरी काहीतरी फुटतं.

फट दिसली की पाना खाली ठेवा. मोटर गिअरमध्ये टाका, एकाने पॉवरहेडचं वजन सांभाळायचं आणि दुसऱ्याने प्रोपेलर हाताने, तो चालताना फिरतो त्याच दिशेला, अगदी सावकाश फिरवायचा. दात जुळले की पॉवरहेड स्वतःच्या वजनाने खाली बसतं आणि ते बसल्याचं हाताला स्पष्ट कळतं. सगळीकडून बेस टेकला आहे, कुठेही कागदसुद्धा जात नाही, हे बघूनच पहिला बोल्ट हाताने लावा.

स्प्लाइनना वॉटरप्रूफ ग्रीस लावायचं, पण शाफ्टच्या वरच्या सपाट टोकावर लावू नका. तिथलं ग्रीस बंद भोकात कोंडलं जातं, दाबलं जात नाही, आणि शाफ्ट पूर्ण आत जात नाही.

बसवण्याआधी जुनं पॅकिंग खरवडताना छन्नी किंवा तारेचा ब्रश वापरू नका. प्लॅस्टिकची किंवा लाकडाची पट्टी, थोडं थिनर आणि बराच धीर. या जोडातून खालच्या अंगाला एक्झॉस्ट आणि पाणी दोन्ही जातात, एक खोल ओरखडासुद्धा गळतीला पुरतो. बेस वाकडा वाटला तर काचेवर पॉलिश पेपर ठेवून घासत बसू नका, सरफेस ग्राइंडिंगला द्या. पॅकिंग नवंच हवं.

टॉर्कचे आकडे आपल्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्या आणि एकक दोनदा वाचा. १ किलोग्रॅम-मीटर म्हणजे सुमारे ९.८ न्यूटन-मीटर, १ फूट-पाउंड म्हणजे सुमारे १.३६ न्यूटन-मीटर. यातली गल्लत झाली की आटे निघतात. मॅन्युअलमध्ये क्रम दिला असेल तर तो, नाहीतर मधून बाहेर, दोन-तीन टप्प्यांत.

पंपावरचं टू-टी ऑईल आणि साठवलेलं पेट्रोल

बाइकचं टू-टी ऑईल ओबीएममध्ये घालू नका. ते हवेने थंड होणाऱ्या, जास्त तापणाऱ्या इंजिनसाठी असतं आणि त्यातल्या धातूयुक्त घटकांची राख पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनच्या पिस्टनवर साचते. ओबीएमला टीसी-डब्ल्यू३ दर्जाचं, म्हणजे पाण्याने थंड होणाऱ्या टू-स्ट्रोकसाठीचं, ऑईलच हवं.

पेट्रोलचा प्रश्न त्याहून अवघड झालाय. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, तर बहुतेक आउटबोर्डच्या मॅन्युअलमध्ये १० टक्क्यांपर्यंतचीच मुभा आहे. इथेनॉलमुळे मिश्रण लीनकडे झुकतं आणि जुने रबरी पाइप आतून सुटू लागतात. इथेनॉल हवेतली ओलही ओढून घेतं. पाणी जास्त झालं की इथेनॉल आणि पाण्याचा थर वेगळा होऊन टाकीच्या तळाशी बसतो. त्या थरात ऑईल नसतं, आणि इंजिन ओढतं तळातूनच. त्यामुळे मागच्या सुट्टीत उरलेलं पेट्रोल नव्या पॉवरहेडला मुळीच देऊ नका. लागेल तेवढं ताजं आणा, पाणी वेगळं करणारा फिल्टर बसवा.

पहिल्याच दिवशी धरणावर नेणं

पहिली सुरुवात घरच्या अंगणात, मोकळ्या हवेत करा. प्रोपेलर काढा, मोटर स्टँडवर चढवा आणि २०० लिटरच्या ड्रममध्ये पाण्याचा पंप पूर्ण बुडेल एवढं पाणी भरा. कोरडी मोटर दोन सेकंद चालवून बघू म्हणाल तर नव्या इंपेलरच्या पात्या तेवढ्यात घासल्या जातात. सुरू केल्यावर सगळं लक्ष पाण्याच्या धारेवर. थोड्या वेळात धार आली नाही तर बंद करा आणि कारण शोधा. ड्रममधलं तेलकट पाणी गटारात किंवा नदीत सोडू नका. गंगापूर धरणाचं पाणी शहर पितं, तेव्हा गळणारी मोटर तिथे उतरवूच नका.

ड्रममध्ये सगळं ठीक दिसलं की प्रोपेलर परत लावा, मग रनिंग-इन, म्हणजे नवं इंजिन हळूहळू रुळवणं. त्यासाठी पेट्रोल-ऑईलचं मिश्रण घट्ट, म्हणजे जास्त ऑईलचं, ठेवायचं असतं. ५०:१ वर चालणाऱ्या बऱ्याच मोटरींना पहिले दहा तास २५:१ सांगितलेलं असतं, म्हणजे लिटरला २० ऐवजी ४० मिली ऑईल. ऑईल इंजेक्शन असेल तर पंपातली हवा काढा आणि या काळात टाकीतही ५०:१ मिश्रण भरा, म्हणजे पंप चालला नाही तरी इंजिन कोरडं पडत नाही. पहिली दहा मिनिटं आयडलवर किंवा अगदी कमी वेगात, उरलेला पहिला तास अर्ध्या थ्रॉटलच्या आत, दुसऱ्या तासात पाऊण थ्रॉटलपर्यंत. एकाच वेगावर ताटकळत ठेवू नका, वर-खाली करत राहा. त्यानंतर दहा तास होईपर्यंत पूर्ण थ्रॉटल पाच मिनिटांपेक्षा जास्त नको.

पहिल्या तासानंतर इंजिन पूर्ण थंड होऊ द्या आणि प्लग काढा. टोक फिकट तपकिरी असेल तर ठीक. पांढरं फटक दिसलं तर मिश्रण लीन आहे, त्या सिलिंडरचा कार्ब्युरेटर पुन्हा उघडा. प्लगवर चंदेरी ठिपके दिसले तर ते पिस्टनचं वितळलेलं अॅल्युमिनियम असतं, मग मोटर त्या क्षणापासून बंद. मॅन्युअलमध्ये हेडचे बोल्ट पुन्हा आवळायला सांगितले असतील तर तेही याच वेळी, थंड इंजिनवर, टॉर्कपान्यानेच.