उंचीची पट्टी नसते तिथे: लहान मुलांना पाळण्यात, राईडवर बसवताना या चुका टाळा

म्हापशाला बोडगेश्वराची जत्रा लागली की आमच्या घरातल्या मुलांचा कार्यक्रम ठरलेला. देवाला नमस्कार, हातात खाज्यांचा पुडा आणि तिथून थेट पाळणे. गोव्यातल्या बहुतेक मुलांची पहिली राईड अशीच जत्रेत किंवा एखाद्या फेस्ताच्या फेरीत होते. मोठ्या पार्कात दाराशीच उंचीची पट्टी रंगवलेली असते, कर्मचारी मुलाला तिच्यापुढे उभं करतो आणि बसत नसेल तर परत पाठवतो. जत्रेत असं क्वचितच होतं. तिकीट काढलं की मूल आत. म्हणजे ती पट्टी आपल्याच डोळ्यांत असावी लागते.

माझ्या डोळ्यांत ती नव्हती. अशाच एका गावच्या जत्रेत माझ्या चार वर्षांच्या भाचीला घेऊन मी कोलंबसमध्ये, म्हणजे झुलणाऱ्या जहाजात, बसले. दोघींमध्ये मिळून एकच आडवा दांडा. तो खाली आला आणि माझ्या पोटाला टेकून थांबला. तिच्या मांड्या आणि दांडा यांच्यामध्ये चांगली वीतभर जागा राहिली. मला ती दिसली, पण रांगेतले मागचे लोक, लाऊडस्पीकर, पाळणेवाल्याची घाई, या सगळ्यात मी गप्प बसले. जहाज उंच जाऊन क्षणभर थांबलं तेव्हा ती बाकावरून उचलली गेली. मी तिचं मनगट इतकं घट्ट धरलं की रात्री तिथे वळ दिसत होता. तिला काही लागलं नाही. घरी येईपर्यंत ती बोलली नाही, आणि मग म्हणाली, “मावशी, मी वर गेले आणि खुर्ची खाली राहिली.”

त्या एका वाक्यात सगळं होतं.

चूक: वय बघून ठरवणं

“आमचा पाच वर्षांचा आहे, बसेल ना?” हा प्रश्नच चुकीच्या बाजूने सुरू होतो. पाच वर्षांचं मूल साधारण ११० सेंटीमीटरच्या आसपास असतं, पण एकाच वर्गातल्या दोन निरोगी मुलांच्या उंचीत दहा-दहा सेंटीमीटरचा फरक सहज सापडतो. राईडच्या दांड्याला आणि पट्ट्याला वय कळत नाही. खुर्चीची खोली, दांडा किती खाली येतो, खांद्यावरचं कवच कुठे टेकतं, हे सगळं एका ठरावीक मापाच्या शरीरासाठी बनवलेलं असतं. त्याहून लहान शरीर त्यातून खाली सरकतं नाहीतर वर उचललं जातं.

दुसरी गोष्ट डोक्याची आणि मानेची. लहान मुलाचं डोकं शरीराच्या मानाने मोठं आणि मानेचे स्नायू कोवळे. हिसका बसतो तेव्हा मोठा माणूस मान आवळून धरतो. तीन-चार वर्षांच्या मुलाला ते जमत नाही. म्हणून अचानक वळणारी, थांबणारी किंवा आदळणारी राईड त्यांच्यासाठी नाही, मग ती कितीही छोटी आणि रंगीत दिसो. डॅशिंग कारचं हेच. बाहेरून खेळणं वाटतं, आत बसलं की मान पुढे-मागे झोके खाते.

घरातून निघण्यापूर्वी मुलाची उंची अनवाणी मोजून ठेवा. दाराच्या चौकटीवर पेन्सिलची खूण पुरे. जाड तळव्याचे बूट घालून मुलाला पट्टीपर्यंत पोचवणारे आईबाप मी पाहिले आहेत. त्यांना वाटतं आपण कर्मचाऱ्याला फसवलं.

चूक: दांडा एकच, माणसं दोन

“मी आहे ना शेजारी” या भरवशावर सगळ्यात जास्त मुलं चुकीच्या राईडवर बसतात. मोठं माणूस शेजारी असल्याने मुलाला धीर येतो, हे खरं. पण दांडा सामाईक असेल तर तो जाडजूड माणसापाशी अडतो आणि बारीक माणूस मोकळं राहतं. म्हणजे तुमच्या असण्याने मुलाची पकड कमी होते. स्वतंत्र दांडा किंवा पट्टा असलेल्या राईडवर हा प्रश्न येत नाही.

मी आता एक गोष्ट करते. मूल पाठ पूर्ण टेकवून बसलं आणि दांडा खाली आला की मांडी आणि दांडा यांच्यामध्ये माझा हात घालून बघते. तळहात आडवा जेमतेम जात असेल तर ठीक. मूठ आरामात फिरत असेल तर मी मुलाला उतरवते, तिकिटाचे पैसे गेले तरी. गुडघे खुर्चीच्या कडेला वाकत आहेत का, तेही बघायचं. पाय समोर सरळ पसरले असतील तर खुर्ची त्याच्यासाठी खोल आहे, ते पुढे घसरणार.

उतरवायला लाजू नका. माझ्या तोंडून त्या दिवशी शब्द फुटला नाही, याचंच मला सर्वांत वाईट वाटतं. पाळणेवाला “कांयच जावचें ना”, काही होणार नाही, म्हणेल, मागचे चुळबुळतील. अर्ध्या मिनिटाचा प्रश्न असतो.

आणखी एक. कोलंबससारख्या झुलणाऱ्या जहाजात टोकाच्या रांगा सगळ्यात उंच जातात, मधल्या रांगा कमी. मोठ्या मुलाला पहिल्यांदा न्यायचं तर मधली रांग मागा.

चूक: घसरगुंडीवर मांडीत घेणं

ही चूक प्रेमापोटी होते, म्हणून ती सांगायला जड जातं. दोन वर्षांच्या बाळाला एकट्याला कसं सोडायचं, म्हणून आई किंवा बाबा त्याला मांडीत घेऊन घसरतात. बाळाच्या बुटाचा रबरी तळवा घसरगुंडीच्या कडेला किंवा पृष्ठभागाला चिकटतो. ते एकटं असतं तर तिथेच अडकून थांबलं असतं. पण मागे साठ-सत्तर किलोचं वजन खाली निघालेलं असतं. पाय जागेवर राहतो, अंग पुढे जातं आणि नडगीचं हाड पिळवटून मोडतं. हाडांच्या डॉक्टरांना हा प्रकार चांगला परिचित आहे.

बाळ एकटं घसरू शकत नसेल तर ती घसरगुंडी त्याच्यासाठी उंच आहे, इतका सरळ हिशोब. लहान घसरगुंडी शोधा, बाजूला उभं राहून त्याचा हात धरा. हवा भरलेल्या मोठ्या घसरगुंड्यांवर आणि उड्या मारायच्या फुग्यांवर वेगळा धोका असतो: तिथे दहा वर्षांची मुलं तीन वर्षांच्या मुलावर पडतात. आपल्या मुलाच्या अंगापिंडाची मुलं आत असतील तेव्हाच सोडा. आणि दुपारच्या उन्हात घसरगुंडीला आधी आपला हात लावून बघा. गोव्यात मार्चनंतर पत्रा आणि फायबर दोन्ही चांगलेच तापतात.

चूक: फिरणाऱ्या पाळण्यात जागा कोणती, हे न बघणं

ब्रेक डान्ससारख्या गरगर फिरणाऱ्या राईडवर अंग बाहेरच्या बाजूला लोटलं जातं. मूल बाहेरच्या कडेला बसलं असेल तर मोठ्या माणसाचं सगळं वजन त्याच्यावर येतं आणि ते कोपऱ्यात चेपलं जातं. म्हणून हलकं माणूस आतल्या बाजूला, जड माणूस बाहेरच्या कडेला. अर्थात ब्रेक डान्स लहान मुलासाठी नाहीच. पण कपबशीसारख्या साध्या चक्रातसुद्धा हाच नियम लागू होतो.

मुलाला गरगर सोसते का, याची चाचणी आपण गोवेकरांनी बहुधा आधीच घेतलेली असते. बेळगावला जाताना चोर्ला घाटात जे मूल ओकतं, ते फिरणाऱ्या पाळण्यातही ओकणार. कारण एकच आहे: कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग एक सांगतो, डोळे दुसरं सांगतात आणि मेंदू गोंधळतो. शाळकरी वयात हा त्रास जास्त जाणवतो, पुढे बहुतेकांचा कमी होतो. अशा मुलाला सरळ रेषेत चालणारी छोटी ट्रेन चालते, लाकडी घोड्यांचं संथ चक्र चालतं. खाजे, भजी, सरबत हे सगळं पाळणे झाल्यावर. रिकाम्या पोटीही नको, थोडंसं कोरडं खाऊन तासाभराने बसवावं.

चूक: “रडू दे, एकदा बसला की भीती जाईल”

नाही जात. उलट ती मनात बसते. राईडला मधे थांबवायचं बटण मुलाच्या हातात नसतं, आणि आपण जबरदस्ती केली तर विश्वास ठेवायचं माणूसही हातातून जातं. चार-पाच वर्षांच्या मुलाच्या मनात खरं आणि खोटं यांतली रेघ अजून पक्की नसते. भुताच्या गुहेतला पुतळा आपल्याला पुठ्ठ्याचा दिसतो, त्याला तो जिवंत असतो.

दिवाळीच्या आदल्या रात्री नरकासुराचे पुतळे बघायला नेता तेव्हा तुमचं मूल काय करतं, ते आठवा. आवाज आणि दिवे बघून खांद्यात तोंड लपवतं, की बोट दाखवून पुढे ओढतं? अंधारातली, मोठ्या आवाजाची राईड द्यायची की नाही, याचं उत्तर बरंचसं तिथे मिळतं.

धीट मुलांची काळजी वेगळी. ती हो म्हणतात, पण मधेच उभी राहतात, हात बाहेर काढतात. दोन्ही हातांनी धरून, पाठ टेकून, थांबेपर्यंत बसून राहा, हे सांगितलेलं जे मूल घरच्या झोपाळ्यावर पाळत नाही, ते आकाशपाळण्यातही पाळणार नाही. आधी झोपाळा.

बसण्यापूर्वी एक पूर्ण फेरी मुलाबरोबर बाहेर उभं राहून बघा. ती किती वेळ चालते, कुठे जोर घेते, आतली लोकं हसतायत की डोळे मिटून बसलीयत. त्याच वेळी आपणही बघून घ्यायचं: माणूस प्रत्येक दांडा हाताने ओढून तपासतो का, खिट्टीच्या जागी दोरी किंवा तार तर बांधलेली नाही, चालू पाळण्याभोवती कठडा आहे का, वायर ओल्या गवतातून तर गेलेली नाही. यातलं एकही खटकलं तर पुढे चला.

पाण्याच्या राईड

हणजुण्याला वॉटर पार्क आहे, आणि सुट्टीत पाहुणे आले की मुलांचा हट्ट ठरलेला. तिथली मोठी चूक म्हणजे हवेच्या ट्यूबला जीवरक्षक समजणं. ट्यूब उलटते, मूल तिच्यातून खाली निसटतं. आणि बुडणारं मूल सिनेमातल्यासारखं ओरडत नाही, हात हलवत नाही. ते शांतपणे खाली जातं. लाटांच्या तलावात लहान मुलापासून हाताच्या अंतरावर राहा, मोबाइल लॉकरमध्ये.

किनाऱ्यावरच्या बनाना राईडबद्दल, म्हणजे बोटीमागे ओढल्या जाणाऱ्या हवेच्या लांबट फुग्याबद्दल, मला स्पष्ट सांगायचं आहे: लहान मुलाला नेऊ नका. मजा म्हणून ती मुद्दाम उलटवतात. त्यात मोठ्या मापाचं लाइफ जॅकेट मुलाच्या अंगात असेल तर पाण्यात ते कानापर्यंत वर सरकतं आणि तोंड पाण्यात जातं. होडीच्या साध्या फेरीला जातानाही जॅकेट बांधून झाल्यावर दोन्ही खांद्यांना धरून वर ओढून बघा. हनुवटीच्या वर गेलं तर ते मोठं आहे, दुसरं मागा.

मधेच बिघडलं तर

मूल फेरीच्या मधे रडू लागलं तर त्याला उचलून मांडीवर घ्यायचा मोह होतो. घेऊ नका, दांड्यातून त्याला काढणं हाच तेव्हाचा सगळ्यात मोठा धोका. त्याच्या अंगावरून हात आडवा टाका, “माझ्याकडे बघ” म्हणा, आणि हात वर करून पाळणेवाल्याला खूण करा. ही खूण बसण्यापूर्वीच त्याच्याशी ठरवून घेतली तर स्पीकरच्या गोंगाटातही चालते.

उतरल्यावर गरगरत असेल तर सावलीत बसवा, लांबच्या स्थिर वस्तूकडे, एखाद्या माडाकडे बघायला सांगा, पाणी घोटघोट द्या. डोकं आपटलं असेल तर त्या दिवशी दुसरी राईड नाही. पुन्हा पुन्हा उलटी, विचित्र सुस्ती, चालताना तोल जाणं, न थांबणारी डोकेदुखी यातलं काही दिसलं तर वाट न बघता डॉक्टरकडे, नाहीतर १०८ ला फोन. मान दुखते असं म्हणालं तर त्याला उचलाउचली करू नका. हृदयाचा त्रास, फिट्स, डाउन सिंड्रोम किंवा नुकतंच ऑपरेशन झालेलं असेल तर आधी मुलाच्या डॉक्टरांना विचारूनच जायचं.

लांबच्या पार्कला जाताना

खोपोलीचं इमॅजिका किंवा बेंगळुरूचं वंडरला करायचं म्हणून लोक रात्रभर प्रवास करून सकाळी थेट गेटवर उतरतात. झोप न झालेलं मूल साध्या राईडवरही घाबरतं आणि ओकतं. एक रात्र तिथे मुक्काम करा. निघण्यापूर्वी पार्कच्या संकेतस्थळावर प्रत्येक राईडची उंचीची अट बघून मुलाला चालणाऱ्या राईडची यादी घरीच करा. मुलाला फक्त तीच नावं सांगा. मग रांगेत तासभर उभं राहून परत फिरायची वेळ येत नाही.

भाची आता सहा वर्षांची आहे. यंदा जत्रेत ती कोलंबससमोर बराच वेळ उभी राहिली, पूर्ण दोन फेऱ्या बघितल्या. मग माझा हात ओढत म्हणाली, “पुढच्या वर्षी.” आणि लाकडी घोड्यांच्या चक्राकडे निघाली. तिसऱ्यांदा.