हिवाळ्यात सैल, उन्हाळ्यात घट्ट: माझी क्लास रिंग

न्यू जर्सीतल्या एडिसनला बर्फ उपसून घरात आले, हातमोजा काढला आणि बोट रिकामं! पदवीची आठवण म्हणून घेतलेली अंगठी, म्हणजे क्लास रिंग, हातमोज्याच्याच टोकाशी सापडली, पण जीव उडाला होता. चूक माझीच. माप ऑगस्टमध्ये दिलेलं, तेव्हा बोटं सुजलेली असतात; थंडीत ती बारीक होतात.

सोनाराने अंगठी कापून लहान करायला नको म्हटलं. बाजूंवर कोरलेलं साल नि चिन्ह बिघडलं असतं. त्याने आतून दोन बारीक सोन्याचे मणी झाळून बसवले. आता सांध्यावरून थोडी अडते, पण फिरत नाही.

अंगठी १० कॅरेटची, म्हणजे सोनं जेमतेम ४१.७ टक्के. आई नाक मुरडते, पण रोज वापरायला हेच टणक. कणीक मात्र अंगठी काढूनच मळते; अक्षरांच्या खाचांत पीठ वाळलं की टाचणीनेही निघत नाही. कोमट साबणपाणी, मऊ ब्रश, बस्स. जोरात घासलं तर खाचांतला मुद्दाम दिलेला काळा रंग जातो.

भाडेकरू विम्यात (भाड्याच्या घरातल्या आपल्या सामानाचा विमा) दागिन्यांच्या चोरीला मर्यादा होती आणि 'हरवली' तर काहीच नाही. पावती नि फोटो देऊन अंगठी पॉलिसीत वेगळी नोंदवून घेतली.