फिल्म विकायची असेल तर पोस्ट गावासाठी नको, व्यापाऱ्यासाठी टाका

मागच्या महिन्यात विटा, कराड आणि इकडं मिरजेतल्या चार-पाच पोरांनी एकच प्रश्न विचारला, दादा फिल्म तयार आहे, इन्स्टावर रोज टाकतोय, लाईक पण येतायत, पण घेणारा कुणी येईना, काय चुकतंय? प्रत्येकाला वेगळं टाईप करून बोटं दुखली म्हणून एकदाच लिहून ठेवतोय. मी काय मोठा प्रोड्युसर नाही, सांगलीत बसून एक ९४ मिनिटांची फिल्म केली आणि ती विकताना जे फटके खाल्ले तेवढंच माझं भांडवल. फिल्मचं नाव मुद्दाम सांगत नाही, नाहीतर म्हणाल जाहिरात करायला आलाय.

आधी माझी पहिली पोस्ट ऐका. पोस्टर, त्याच्याखाली "अखेर स्वप्न साकार!", मग आईवडिलांचे आभार, कुलदैवताचे आभार, सांगली म्हणजे नाट्यपंढरी, १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथंच नाटक उभं केलं त्या मातीतली आमची फिल्म वगैरे वगैरे, शेवटी बावीस हॅशटॅग. लाईक भरपूर. बघायला गेलो तर मावशी, मावशीचे जाऊ-दीर, कॉलेजची बॅच, आणि एक ट्रॅक्टर शोरूम. घेणारा एक नाही. आणि का यावा? त्या अख्ख्या पोस्टमध्ये फिल्म कशाबद्दल आहे, किती मिनिटांची आहे, कुठल्या भाषेत आहे, विकायला आहे का आधीच विकलीय, यातलं काहीच नव्हतं.

मार्केट यार्डात हळदीचा सौदा बघितलाय का? व्यापारी पोत्यासमोर येतो, मूठभर हळकुंडं उचलतो, एक कटकन मोडतो, आतला रंग बघतो आणि पुढं सरकतो. शेतकऱ्यानं किती कष्टानं पिकवली हे त्याला कळतं, पण भाव ठरतो तो मोडलेल्या हळकुंडावर. तुमची पोस्ट म्हणजे ते मोडलेलं हळकुंड. बाकी सगळं पोत्याची शिलाई.

आता घेणारा म्हणजे कोण ते नीट समजून घ्या कारण इथंच बरीच पोरं गडबडतात. थेटरला लावणारा डिस्ट्रिब्यूटर एक, ओटीटीसाठी फिल्म उचलणारी टीम दुसरी, टीव्ही चॅनेलवाले तिसरे, आणि परदेशात तुमच्या वतीनं फिल्म विकून कमिशन घेणारा सेल्स एजंट चौथा. शिवाय विमानात दाखवायला फिल्म गोळा करणारेही असतात, त्यांचा विचार आपण कधी करतच नाही. ह्या सगळ्यांना पहिल्या दहा सेकंदात तेच हवं असतं: गोष्ट काय, लांबी किती, भाषा कुठली, फिल्म पूर्ण झालीय का एडिटवर आहे, कुठल्या फेस्टिव्हलला गेलीय, कुठल्या देशाचे कुठले राईट्स मोकळे आहेत, आणि बघायची कशी.

म्हणून पोस्ट टाकायच्या आधी दुकान लावा. अकाउंट फिल्मच्या नावानं पाहिजे, तुमच्या जिमच्या फोटोंच्या अकाउंटवरून नको. बायोमध्ये एक ओळ गोष्ट, मिनिटं, भाषा, एक ईमेल. ईमेल असा ठेवा की जो तुम्ही रोज उघडता (हसू नका, आमचा फिल्मच्या नावाचा मेल अडीच महिने कुणी उघडलाच नव्हता, पासवर्ड एडिटरकडं आणि एडिटर पुण्याला). इन्स्टावर वरती तीन पोस्ट पिन करता येतात, त्यात पहिली ट्रेलर, दुसरी खाली सांगतोय तशी माहितीची पोस्ट, तिसरी फेस्टिव्हल किंवा परीक्षण जे काय खरंखुरं असेल ते. आयएमडीबीवर (फिल्मांची माहिती ठेवणारी वेबसाईट) पान करून ठेवा, नाव ऐकलं की माणूस पहिलं तिथंच शोधतो.

आता माहितीची पोस्ट. आमची फिल्म तासगावकडच्या बेदाणा शेडवर रात्री राखण करणाऱ्या माणसाची आहे, तर तिसऱ्या प्रयत्नाला जी पोस्ट जमली ती साधारण अशी होती. मूळ इंग्रजीत होती आणि तुमचीही इंग्रजीतच पाहिजे, इथं आपल्या भाषेत देतोय:

"अवकाळी पाऊस यायला चार रात्री. बेदाणा शेडवरच्या राखणदारानं मालकाची चोरी पाहिलीय. आता झाकायचं काय, माल का चोरी?
मराठी फीचर फिल्म, ९४ मिनिटं, पूर्ण तयार, इंग्रजी सबटायटल्ससह. भारत सोडून सर्व देशांचे राईट्स उपलब्ध. स्क्रीनरसाठी मेल करा."

झालं. बस एवढंच. (स्क्रीनर म्हणजे घेणाऱ्याला बघायला दिलेली अख्ख्या फिल्मची खासगी लिंक.) कोणाचे आभार नाहीत, मातीचा सुगंध नाही. पहिली ओळ सगळ्यात महत्त्वाची कारण इन्स्टावर कॅप्शनच्या पहिल्या सव्वाशे-एक अक्षरांनंतर मजकूर दुमडला जातो, पुढचं वाचायला बोट लावावं लागतं, आणि घेणारा बोट लावत नाही. "एका बापाचा भावनिक प्रवास" असली ओळ लिहू नका, प्रत्येक मराठी फिल्म कुठल्यातरी बापाचा भावनिक प्रवासच असते. कोण, कुठं, काय अडचण, किती वेळ, हे आलं की ओळ उभी राहते. आम्ही ती एक ओळ करायला दोन दिवस घातले, विश्रामबागेत चहाच्या टपरीवर बसून, शेवटी टपरीवाल्या मामांना वाचून दाखवली, ते म्हणाले मग त्यानं काय झाकलं? तेव्हा कळलं जमली.

फोटो कुठला लावायचा? पोस्टर नको, फिल्ममधला एक स्टिल लावा ज्यात माणसाचा चेहरा आणि जागा दोन्ही दिसतंय. आमच्याकडं कंदिलाच्या उजेडात रॅकवर पसरलेल्या बेदाण्याच्या जाळ्या आणि मागं राखणदाराचा अर्धा चेहरा असा एक होता, तो चालला. सातारकरांनो तुम्हाला खास सांगतो, वाईच्या घाटाचा, मेणवलीचा किंवा कास पठाराच्या फुलांचा फोटो सुंदर दिसतो हे मान्य, पण वाईत एवढ्या फिल्मा शूट झाल्यात की तो घाट आता सगळ्यांचाच झालाय, त्यावरून तुमची फिल्म ओळखू येत नाही. शूटिंग चालू असतानाच एकाला चांगल्या कॅमेऱ्यानं स्टिल काढायला उभं करा, नंतर व्हिडिओतून काढलेली फ्रेम हलकी येते.

ट्रेलरचं दोन गोष्टीत सांगतो. एक, सबटायटल्स व्हिडिओवरच छापलेल्या पाहिजेत, कारण बरेच लोक आवाज बंद ठेवूनच बघतात आणि परदेशातल्या माणसाला आवाज चालू असून पण मराठी कळत नाही. दोन, सुरुवातीला प्रस्तुतकर्ते, सहनिर्माते, सहाय्यक सहनिर्माते असे सहा लोगो टाकू नका, पहिल्या तीन सेकंदात गोष्टच दिसली पाहिजे. पाहुण्याला लोगो हवाच असेल तर शेवटी टाका, भांडण मिटवा. रील करताना आडव्या फ्रेमचं ९:१६ मध्ये डोळे झाकून क्रॉप मारू नका, आमच्या एका रीलमध्ये हिरोचा नुसता कान दिसत होता. आणि खालच्या भागात इन्स्टाची बटणं, नाव येतात, त्यामुळं सबटायटल्स जरा वरती घ्या. ट्रेंडिंग गाणं लावायचा मोह आवरा, दुसऱ्याचं गाणं तुमच्या ट्रेलरवर दिसलं की घेणाऱ्याला पहिली शंका येते की फिल्ममधल्या संगीताचे कागद तरी आहेत का ह्यांच्याकडं.

बरं इन्स्टा फेसबुक ठीक आहे, पण घेणारे खरे सापडतात लिंक्डइनवर, जिथं आपली पोरं फक्त नोकरी शोधायला जातात. तिथं नावापुढं ॲक्विझिशन (म्हणजे फिल्म विकत घेणारं खातं), सेल्स, प्रोग्रॅमिंग असं लिहिलेली माणसं शोधा, त्यांनी याआधी काय घेतलंय ते बघा, हॉरर घेणाऱ्याला आपली बेदाण्याची फिल्म कशाला दाखवायची. मग आठ-दहा दिवस नुसतं वाचा, कुठं खरंच काही बोलण्यासारखं असेल तर कमेंट करा, आणि मग चार ओळींचा मेसेज. चाळीस जणांना एका पोस्टमध्ये टॅग करणं म्हणजे एसटी स्टँडवर पत्रकं वाटणं, लोक घेतात आणि पुढच्या बाकावर ठेवून जातात. उत्तर नाही आलं तर दहा दिवसांनी एकदा आठवण द्या, त्यानंतर फक्त नवीन काही घडलं तरच.

पैसे देऊन बूस्ट करू का, हे सगळेच विचारतात. प्रेक्षक गोळा करायचा असेल, थेटरला लागणार असेल तर करा. घेणाऱ्यासाठी मी तीन हजार घातले, व्ह्यूज धबाधबा आले, सगळे इचलकरंजी-जयसिंगपूरकडचे, एकानं विचारलं हिरोची बुलेट विकायची आहे का.

वेळेचं मात्र नक्की पाळा. हा बाजार वर्षभर सारखा चालत नाही, त्याचे हंगाम आहेत. गोव्यात इफ्फीच्या (भारताचा आंतरराष्ट्रीय फिल्म महोत्सव) वेळी नोव्हेंबरमध्ये एनएफडीसीचा (सरकारचं फिल्म विकास महामंडळ) फिल्म बझार भरतो, २००७ पासून चालू आहे, आता वेव्हज फिल्म बझार म्हणतात, तिथल्या व्ह्यूइंग रूममध्ये फी भरून फिल्म ठेवता येते आणि आलेले लोक ती बघू शकतात. फेब्रुवारीत बर्लिनचं मार्केट, मे महिन्यात कानचं. ह्या लोकांच्या डायऱ्या मार्केटच्या तीन-चार आठवडे आधीच भरायला लागतात, म्हणून माहितीची पोस्ट आणि मेसेज तेव्हा गेले पाहिजेत, मार्केट चालू झाल्यावर तुमची पोस्ट कोण बघतंय. युरोपातल्या माणसासाठी टाकत असाल तर आपल्या दुपारी दीडच्या आसपास टाका, पॅरिसमध्ये तेव्हा हिवाळ्यात सकाळचे नऊ आणि उन्हाळ्यात दहा वाजलेले असतात, माणूस ताजा असतो. आपण जेवून सुस्त असतो तो भाग वेगळा.

आता जे करायचं नाही ते. फेस्टिव्हलनं निवड कळवली की त्यांनी स्वतः जाहीर करेपर्यंत गप्प बसा, मेलमध्ये तसं लिहिलेलं असतं, आम्ही न वाचता ढोल बडवला आणि एका तासात "कृपया पोस्ट काढा" असा मेल आला, लाजेनं मान खाली. ज्या फेस्टिव्हलचं नाव त्याच्या आयोजकाशिवाय कुणी ऐकलं नाही असल्यांचे पंधरा लॉरेल (निवड झाल्याचं ते पानांच्या कमानीचं चिन्ह) पोस्टरवर चिकटवू नका, एक खरा असला तरी पुरे, नसेल तर पोस्टर मोकळं चांगलं दिसतं. आणि फिल्म अख्खी यूट्यूबवर टाकून "आता तरी कोणीतरी बघेल" असं कंटाळून करू नका, एकदा फुकट उघडी ठेवली की एक्सक्लुझिव्ह राईट्स मागणाऱ्याला विकायला हातात काही राहत नाही.

स्क्रीनरची लिंक पोस्टमध्ये कधीच टाकायची नाही. व्हिमिओवर प्रायव्हेट, पासवर्ड लावून. त्यातही आम्ही शहाणे, सगळ्यांना एकच पासवर्ड. ज्या गावात शूट केलं तिथल्या एका पुढाऱ्यानं प्रेमानं मागितली म्हणून दिली, त्यांनी त्याहून प्रेमानं गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पासवर्डसकट टाकली. दोन दिवसात प्लेचा आकडा भराभर वाढला, आम्ही पेढे आणायच्या तयारीत, नंतर बघतो तर सगळे प्ले तासगाव तालुक्यातले आणि बहुतेकांनी आपापला सीन येईपर्यंतच बघितलेली. त्यात एक खरा घेणारा होता का नव्हता ते आता देवाला माहीत. तेव्हापासून प्रत्येकाला वेगळी लिंक, वेगळा पासवर्ड, आणि फ्रेमवर त्या माणसाच्या नावाचा फिकट वॉटरमार्क. मग कोणी उघडली, कितव्या मिनिटाला सोडली हेही कळतं, आणि माझ्या मते लाईकपेक्षा तो एक आकडा बघत बसा. आमचे तिघे जण एकतिसाव्या मिनिटाला सोडून गेले होते. तिथं एक गाणं होतं. गाणं छोटं केलं, संगीतकार अजून बोलत नाही.

शेवटी कागद, कारण पोस्ट चांगली झाली की प्रश्न येतात आणि ते पटापट येतात. लेखकाचं, संगीतकाराचं, कलाकारांचं सहीचं करारपत्र, सेन्सॉर सर्टिफिकेट असेल तर ते, डीसीपी (थेटरात चालवायची डिजिटल प्रत), सबटायटल्सची वेगळी फाईल, हे सगळं एका फोल्डरमध्ये तयार ठेवा. आम्हाला एका एजंटचा मेसेज आला रात्री दोन वाजता, फक्त एक ओळ, एम अँड ई आहे का? म्हणजे संवाद काढून नुसतं संगीत आणि आवाज असलेला ट्रॅक, दुसऱ्या भाषेत डब करायला लागतो तो. आमच्याकडं नव्हता, सगळे आवाज संवादासोबतच रेकॉर्ड झालेले, संवाद काढले की पावलंही गायब. मग मिरजेत मित्राच्या गोडाऊनमध्ये चार रात्री बसून परत सगळे आवाज काढले, चप्पल घासल्याचा, कंदिलाच्या कडीचा, ताडपत्री ओढल्याचा. क्रेटमध्ये बेदाणा ओतल्याचा आवाज काही केल्या खरा येईना कारण आणलेला बेदाणा जुना, कडक, खडखड वाजायचा, मग मित्राच्या आईनं तो थोडा पाण्याचा हात लावून फडक्यात बांधून ठेवला आणि सकाळी बरोबर तसा भरीव आवाज आला. ते ओततानाचा वीस सेकंदांचा व्हिडिओ मोबाईलवर काढलेला होता, तोच टाकला, खाली एवढंच लिहून की "एम अँड ई ट्रॅक तयार, ९४ मिनिटं, भारत सोडून सर्व देश". त्या एजंटनं तीच पोस्ट परत मला पाठवली आणि खाली कराराचा मसुदा जोडला होता.