कॅसेटच्या सवयी मेमरी कार्डला लावू नका, या चुका टाळा

लग्नाचा सीझन आला की आमच्या दारव्हा-दिग्रसकडं एक फोन हमखास येते, भाऊ कार्ड फॉरमॅट झालं, हळदीचं सगळं शूट त्यातच होतं, आता काय करू?

कॅसेट जाऊन इतकी वर्षं झाली तरी सवयी तिच्याच आहेत. पॅनासॉनिकनं 2004 मध्ये व्हिडिओ कॅमेऱ्यासाठी पी2 नावाचं मेमरी कार्ड आणलं, सोनीनं 2007 मध्ये एसएक्सएस नावाचं, पण ते टीव्ही चॅनलवाल्यांचं काम, आपल्याकडं कॅसेट बंद पाडली ती साध्या एसडी कार्डानं. मिनीडीव्ही, म्हणजे कॅमेऱ्याची छोटी कॅसेट, भरली की लेबल लावून कपाटात जायची, म्हणजे मास्टर कॉपी आपोआप राहायची. कार्ड म्हणजे नुसती ने-आण करायची पिशवी, परवा तेच दुसऱ्या लग्नात जाते. म्हणून दोन वेगळ्या हार्डडिस्कवर कॉपी झाल्याशिवाय फॉरमॅट नाही, अन् एकाच डिस्कवर दोन फोल्डर केले म्हणजे दोन कॉप्या होत नाहीत बरं का. चुकून फॉरमॅट झालंच तर त्या कार्डावर नवीन काहीच शूट करू नका, बहुतेक वेळा फक्त यादी पुसल्या जाते, डेटा तिथंच असते, फोटोरेकसारखं फुकटचं सॉफ्टवेअर बरंच काही काढून देते.

सगळ्यात जास्त नुकसान मात्र लाइट करते. मांडवात बॅटरी वाचवायला कॅमेरा नुसत्या अडॅप्टरवर चालवतात, मधेच लाइट गेली, जनरेटर चालू होईस्तोवर कॅमेरा बंद. कॅसेटवर त्या सेकंदापर्यंतचं सगळं राहायचं. एमपी4 मध्ये फाइल उघडायला लागणारी माहिती बहुतेक कॅमेरे रेकॉर्डिंग थांबवल्यावर शेवटी लिहितात, ती लिहिल्याच गेली नाही तर चाळीस मिनिटांची फाइल दिसते पण उघडत नाही. अशा वेळी कार्ड काढून कॉम्प्युटरला लावायची घाई करू नका, त्याच कॅमेऱ्यात ठेवून चालू करा, बरेच कॅमेरे स्वतःच रिपेअर करू का म्हणून विचारतात. नाही झालं तर अनट्रंक नावाचं सॉफ्टवेअर आहे, त्याला त्याच कॅमेऱ्याची, त्याच सेटिंगवरची एक चांगली फाइल नमुन्याला द्यावी लागते. अन् अडॅप्टर असला तरी चार्ज केलेली बॅटरी लावूनच ठेवा, जिथं चालते तिथं. कार्डाचा लाल दिवा लुकलुकत असताना झाकण उघडू नका, हे सांगायची गरज नाही पण पोरं उघडतात.

ज्यांचा कॅमेरा एव्हीसीएचडी या फॉरमॅटमध्ये शूट करते, त्यांनी कार्डातून नुसत्या एमटीएस, म्हणजे व्हिडिओच्या फाइली ओढू नये. 32 जीबीपर्यंतच्या कार्डात एक फाइल 4 जीबीच्या वर जात नाही, म्हणजे 24 एमबीपीएस क्वालिटीवर वीस-पंचवीस मिनिटांत तुकडा पडते, अन् जोडायची माहिती बाकीच्या फोल्डरात असते, ती नसली की ऐन मंगलाष्टकात आवाज तुटते. कार्डातला प्रायव्हेट नावाचा फोल्डर अख्खा कॉपी करा.

कार्डावर मोठ्या अक्षरात लिहिलेला स्पीड बहुतेक वाचायचा असते, लिहायचा नाही. कार्डावर व्ही30 ची खूण बघून घ्या, ते सेकंदाला किमान 30 एमबी लिहिते. नागपूरच्या बर्डीवरून स्वस्तात 128 जीबी आणलं तर आधी एचटूटेस्टडब्ल्यू नावाचं कार्ड तपासायचं सॉफ्टवेअर लावून बघा, नकली कार्ड भरल्यासारखं दाखवते अन् अर्ध्या फाइली कोऱ्या निघतात.

घरी जुन्या कॅसेटा असतील तर त्या आत्ताच कॉम्प्युटरवर उतरवा, कॅसेटचे चालू कॅमेरे संपत चाललेत. फायरवायर नावाच्या केबलनं तासाच्या कॅसेटला तासच लागते, जागा साधारण 13 जीबी. यूएसबीच्या भरवशावर राहू नका, बऱ्याच मिनीडीव्ही कॅमेऱ्यात त्यातून पूर्ण क्वालिटी येतच नाही. चित्रात चौकोन दिसले तर हेड, म्हणजे टेप वाचणारा भाग, साफ करायची हेड क्लीनर कॅसेट दहाएक सेकंद फिरवा, जास्त नाही, त्यानं हेड घासते. एलपी मोडवर, म्हणजे टेप हळू फिरवून जास्त वेळ भरलेली कॅसेट मात्र शक्यतो ज्या कॅमेऱ्यात भरली त्यातच लावा.