तीस सेकंदांत ड्रॉप: जाहिरात, मालिका आणि चित्रपटासाठी ईडीएम ट्रॅक कसा बांधायचा

क्लबमधल्या ईडीएम (नाचासाठीचं इलेक्ट्रॉनिक संगीत) ट्रॅकला ड्रॉपपर्यंत, म्हणजे किक (बास ड्रमचा ठोका) आणि बास पूर्ण जोराने कोसळतात त्या जागेपर्यंत, पोहोचायला आरामात दीड मिनिट मिळतं. जाहिरातीकडे सगळे मिळून तीस सेकंद असतात. त्यातली शेवटची चार-पाच पॅकशॉटची, म्हणजे उत्पादन आणि ब्रँडचं नाव दाखवण्याची, आणि उरलेल्यांत कुणीतरी सतत बोलत असतं. तयार ट्रॅक कापून बसवायला गेलं की ड्रॉपकडे चढत जाणारा बिल्डअप अर्ध्यावर तुटतो, ड्रॉप नेमका व्हीओच्या (व्हॉइस-ओव्हर, मागून येणारं निवेदन) डोक्यावर पडतो आणि शेवट तर नसतोच, फेडआउट करावा लागतो. फेडआउट झालेली जाहिरात संपल्यासारखी वाटत नाही. त्यामुळे अशा कामाला ट्रॅक घड्याळ बघून, पहिल्या बीटपासून नव्याने बांधावा.

टेम्पो आधी, सूर नंतर

काम हातात घेताना पहिला प्रश्न मूडचा नाही, लांबीचा विचारा. मास्टर, म्हणजे मूळ पूर्ण जाहिरात, किती सेकंदांचा आणि त्यातून कोणकोणते कट-डाउन (छोट्या आवृत्त्या) निघणार? यावर टेम्पो ठरतो.

१२८ बीपीएमला (मिनिटाला १२८ बीट) चार बीटचा एक बार १.८७५ सेकंदांचा होतो. म्हणजे ३० सेकंदांत बरोबर १६ बार, १५ सेकंदांत ८ आणि ६० सेकंदांत ३२. हिशेब इतका चोख की बहुतेक जण विचार न करता १२८च धरतात. पण २०, १० आणि ६ सेकंदांचे कट हवे असतील तर तोच टेम्पो अडचणीत आणतो, कारण २० सेकंदांत १०.६७ बार येतात. तिथे १२० सोयीचा. बार २ सेकंदांचा, २०ला १०, १०ला ५, ६ला ३.

आता एडिटरची बाजू. आपल्याकडे टीव्हीच्या जाहिराती सेकंदाला २५ फ्रेमवर कापल्या जातात, म्हणजे एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची. १२८ला एक बीट ११.७२ फ्रेमची. एडिटर दर १२ फ्रेमला कट मारत गेला तर आठ कटांनंतर चित्र ३.८४ सेकंदांवर असतं आणि संगीत ३.७५वर, म्हणजे दोन फ्रेमहून जास्त फरक. कुणाला कारण सांगता येत नाही, पण ‘काहीतरी ढिलं वाटतंय’ हा शेरा हमखास येतो. १२५ला मात्र बीट बरोबर १२ फ्रेमची असते. कटांचा भडिमार असलेल्या फिल्मला आम्ही १२५च सुचवतो. ३० सेकंदांत १५ बार २८.८ सेकंदांना संपतात आणि शेवटच्या ठोक्याची आस विरायला १.२ सेकंद उरतात. चित्रपटाला, म्हणजे २४ फ्रेमला, हाच मान १२०कडे जातो. तिथे बीट बरोबर १२ फ्रेमची.

शेवटून मागे या

एडिट लॉक झाला की चित्रावरच टाइमकोड (चालू वेळेचा आकडा) छापलेली फाइल मागवा आणि तीनच जागा लिहून काढा: पॅकशॉट, व्हीओ सुरू होण्याच्या आणि थांबण्याच्या वेळा, आणि ज्या एका शॉटसाठी सगळी जाहिरात बनवली तो शॉट. सगळ्या कटांवर ठोके मारू नका. दोन-तीन जागा नेमक्या लागल्या की बाकीचं प्रेक्षकाचा मेंदू जुळवून घेतो.

समजा पॅकशॉट २४ सेकंद १० फ्रेमवर आहे, म्हणजे २४.४ सेकंद. त्याच्या आधी १३ बार, म्हणजे ५२ बीट बसवायचे आहेत. ५२ गुणिले ६०, भागिले २४.४, उत्तर १२७.८७. टेम्पो तोच टाका. दशांशाला घाबरायचं कारण नाही, ऐकणाऱ्याला १२८ आणि १२७.८७ एकच.

ठोका कटच्या आधी पडू देऊ नका. आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद पुढे गेला की खटकायला लागतो. मागे राहिला तर साधारण १२५ मिलिसेकंदांपर्यंत चालून जातं. शंका असेल तर एक फ्रेम उशिरा ठेवा.

मग मांडणी. १२८च्या ३० सेकंदांसाठी चालणारी एक रचना अशी: पहिले दोन बार फक्त हुक, म्हणजे एखादी प्लकची (तार छेडल्यासारख्या तुटक आवाजाची) ओळ किंवा कापलेला स्वर, किकशिवाय. तिसऱ्या बारला किक. नववा बार म्हणजे १५ सेकंद, इथे पहिला ड्रॉप. १५ सेकंदांचा कट-डाउन करताना नेमकं इथूनच उचलता येतं. तेराव्या-चौदाव्या बारला किक काढून रायझर, म्हणजे चढत जाणारा आवाज. पॅकशॉट पंधराव्या बारला, २६.२५ सेकंदांवर. शेवटचा ठोका सोळाव्या बारच्या पहिल्या बीटला, २८.१२५वर. सोळावा बार पूर्ण वाजवलात तर रिव्हर्बला (मागे रेंगाळणाऱ्या घुमाऱ्याला) जागाच राहत नाही आणि पुढच्या जाहिरातीच्या पहिल्या शब्दावर तुमची शेपटी चिरली जाते. शिवाय चॅनेल सुरुवातीच्या आणि शेवटच्या काही फ्रेम पूर्ण शांत मागतात; नेमका आकडा त्यांच्या डिलिव्हरी शीटवर असतो.

सहा सेकंदांचा कट १२८ला करायचा झाला तर शेवटचा ठोका तिसऱ्या बारच्या तिसऱ्या बीटला, ४.६९ सेकंदांवर मारा. तीन बार पूर्ण करायच्या मोहात पडलात तर शेपटीला जेमतेम एक तृतीयांश सेकंद उरतो.

‘लॉक’ झालेला एडिट पुन्हा उघडतोच. एखादा शॉट १४ फ्रेमने वाढला तर सगळा ट्रॅक ताणू नका. १२५ला १२ फ्रेम म्हणजे एक जादा बीट. ती ड्रॉपच्या आधी घाला, राहिलेल्या दोन फ्रेम रायझरमध्ये मुरवा. तिथे किक नसते, त्यामुळे कुणाला पत्ता लागत नाही.

व्हीओला वाट

सॉचा (करवतीसारख्या लहरीच्या सिंथचा) जाड लीड, म्हणजे मुख्य चाल, आणि माणसाचा आवाज एकाच पट्ट्यात भांडतात, साधारण १ ते ४ किलोहर्ट्झ. व्हीओ चालू असताना लीडची ओळ बदला. इक्यूने (ठरावीक पट्ट्यातला आवाज कमी-जास्त करणाऱ्या साधनाने) कापत बसण्यापेक्षा वाद्य एक सप्तक खाली नेणं किंवा लांब सुरांऐवजी तुटक प्लक वापरणं केव्हाही बरं. तरीही लागलंच तर त्या पट्ट्यात ३-४ डीबीचं डायनॅमिक इक्यू, व्हीओ वाजेल तेवढ्यापुरतंच कापणारं. पूर्ण संगीत खाली-वर होणारं डकिंग करू नका. किकबरोबरचं साइडचेन (किक वाजली की बास दबवणं) आणि व्हीओचं डकिंग एकत्र आलं की ट्रॅक धापा टाकतो. किकच्या साइडचेनला १२८वर रिलीज १५० ते २०० मिलिसेकंद पुरे, कारण पुढची किक ४६९ मिलिसेकंदांवर आहे आणि त्याआधी बास पूर्ण वर यायला हवा.

फक्त हिंदी व्हीओ ऐकून मिक्स पक्का करू नका. तीच फिल्म मराठी, तमीळ, बांगला, मल्याळममध्ये जाते आणि हिंदीत तीन सेकंदांत संपणारं वाक्य दुसऱ्या भाषेत चार सेकंदांवर जातं. जिथे हिंदीत मोकळी जागा पाहून तुम्ही मोठा फिल (ड्रमची भरती) टाकलात, तिथे तमीळ कलाकार अजून बोलतोय.

दहा बाय दहाची खोली

मुंबईत बहुतेक ट्रॅक राहत्या फ्लॅटच्या खोलीत बनतात, म्हणून हे सविस्तर. दहा फूट म्हणजे ३.०५ मीटर. इतक्या अंतरावरच्या दोन समोरासमोरच्या भिंती साधारण ५६ हर्ट्झला घुमतात आणि खोली चौकोनी असली तर दोन्ही बाजूंनी तोच आकडा येतो. ईडीएमची किक बसते ५० ते ६०च्या दरम्यान. गंमत अशी की खोलीच्या बरोबर मध्यभागी हाच सूर जवळजवळ नाहीसा होतो. खुर्ची मधोमध असलेला माणूस किक ऐकू येत नाही म्हणून ती वाढवत नेतो आणि मिक्स बाहेर गेला की सगळं ढुम-ढुम. खुर्ची समोरच्या भिंतीपासून खोलीच्या साधारण ३८ टक्क्यांवर, म्हणजे पावणेचार फुटांवर आणा, कोपऱ्यांत जाड रॉकवूलचे बास ट्रॅप उभे करा आणि ८० हर्ट्झच्या खालचे निर्णय हेडफोनवर पडताळून घ्या. भिंतीवर चिकटवलेले पातळ फोमचे तुकडे बासला काहीही करत नाहीत. लॅमिंग्टन रोडवर ते ढिगाने मिळतात एवढाच त्यांचा गुण.

तरी शेवटी हे ऐकलं जाणार फोनवर आणि टीव्हीच्या मागच्या बाजूला तोंड केलेल्या स्पीकरवर. तिथे १५० हर्ट्झच्या खालचं फारसं पोहोचतच नाही. म्हणून किकला दोन गोष्टी हव्यात: २ ते ४ किलोहर्ट्झचा टकटकीत क्लिक आणि सॅच्युरेशनने (आवाज मुद्दाम थोडा विकृत करून) आणलेले २०० हर्ट्झच्या आसपासचे वरचे सूर. बास १२० हर्ट्झखाली मोनो ठेवा. मग सगळा मिक्सच मोनो करून ऐका. रुंद केलेला सुपरसॉ सिंथ अर्धा गायब होत असेल तर रुंदी उलट्या फेजने आणली आहे, ती काढा. शेवटची परीक्षा म्हणजे साधा टीव्ही, पंखा पाचवर, खिडकी उघडी, खाली रिक्षांची रांग. हुक ऐकू आला तर मिक्स झाला.

लाउडनेस

क्लबचा मास्टर उणे ७-८ एलयूएफएसला (कानाला जाणवणाऱ्या जोराचं माप) असतो. युरोपीय प्रसारणाचं प्रमाण उणे २३, अमेरिकेचं उणे २४. नेटफ्लिक्स संवादावर मोजून उणे २७ मागतं आणि ट्रू पीक (आवाजाचं खरं शिखर) उणे २च्या आत. यूट्यूब मोठ्या फाइली साधारण उणे १४पर्यंत खाली आणतं. म्हणजे लिमिटरने (शिखरं दाबणाऱ्या साधनाने) चेपून केलेला मास्टर टीव्हीसाठी १५ डीबी खाली येतो आणि चेपलेलाच राहतो. सगळे ठोके बसलेले, जीव गेलेला. टीव्हीसाठी लिमिटर जवळपास काढूनच वेगळा मास्टर करा. ड्रॉप मोठा वाटावा यासाठी आधीचा अर्धा बार रिकामा ठेवणं हा लिमिटरपेक्षा खात्रीचा उपाय. ‘थोडा अजून पंच’ या शेऱ्याचं उत्तरही दहातल्या आठ वेळा ही शांतताच असते, आवाजाची पातळी नव्हे.

ढोल, हलगी आणि ३०३

गणपतीच्या तोंडावर प्रत्येक ब्रँडला नाशिक ढोलाचा ड्रॉप हवा असतो. पथकाचं रेकॉर्डिंग तालाच्या ग्रिडवर बसवताना प्रत्येक टिपरी क्वांटाइझ करू नका, म्हणजे यंत्राने नेमक्या ठोक्यावर सरकवू नका, बारची पहिली थाप तेवढी जुळवा. मधला झोल गेला की ढोल मशीनसारखा वाजतो. ढोलाचा दणका आणि किक एकाच जागी असल्यामुळे ढोलाला ९० हर्ट्झखाली कापा. हलगी व्हीओच्या पट्ट्यात कडकडते, ती बोलण्याच्या फटींतच ठेवा. कोळीगीताचा ठेका तीनतीनच्या झोक्याचा असतो. त्याखाली सरळ सोळाव्या भागातली हाय-हॅट (झांज) चालवली की दोन गाणी एकदम लागल्यासारखं होतं. हॅट ट्रिपलेटमध्ये न्या, किक चौकात राहू द्या.

‘देसी अ‍ॅसिड’ (३०३च्या चिरक्या बासचं नृत्यसंगीत) मागणाऱ्याला नवं काही मागतोय असं वाटत असेल तर वादक चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये मुंबईतच टीबी-३०३ या बास सिंथवर आणि टीआर-८०८ या ड्रम मशीनवर राग वाजवून ठेवले आहेत.

क्लबचा प्रसंग

मालिका आणि चित्रपटात नाचणाऱ्या गर्दीत दोन पात्रं बोलत असतात. सेटवर पूर्ण ट्रॅक वाजवला तर संवाद वाया जातात, बंद ठेवला तर गर्दी वेगवेगळ्या तालांत हलते. उपाय म्हणजे थंप ट्रॅक. ट्रॅकच्या टेम्पोवर ३०-४० हर्ट्झचे साधे साइनचे ठोके बनवा, आधी काही सेकंद पूर्ण संगीत वाजवून लोकांना ताल पकडू द्या, मग सबवूफरवर फक्त ठोके. संवादाच्या ट्रॅकवर नंतर ८० हर्ट्झचा हाय-पास (त्याखालचे सूर गाळणारा फिल्टर) लावला की ठोके निघून जातात. लहान स्पीकरवर मात्र हा ठोका विकृत होऊन वरचे सूर फेकतो आणि ते निघत नाहीत, तेव्हा सब भाड्याने आणाच. आणि कलाकारांना ओरडून बोलायला सांगा. शांत सेटवर सगळे कुजबुजतात आणि मिक्समध्ये ते खोटं पडतं.

हक्क

नमुना म्हणून दिलेल्या रेफरन्स ट्रॅकच्या फार जवळ जाऊ नका. न्यूझीलंडमध्ये एका राजकीय पक्षाने प्रचाराच्या जाहिरातीत रॅपर एमिनेमच्या गाण्यासारखा बनवलेला लायब्ररी ट्रॅक (परवाना घेऊन वापरायचं तयार संगीत) वापरला आणि २०१७ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने तो कॉपीराइटचा भंग ठरवला. रेफरन्समधून टेम्पो, ऊर्जा आणि वाद्यांचा पोत घ्या. चाल, बासची ओळ आणि कॉर्डचा क्रम एकत्र उचलू नका. ‘सात सेकंदांपर्यंत चालतं’ ही स्टुडिओत फिरणारी गोष्ट आहे, कायद्यात असं काही नाही.

खरंच कुणाचा ट्रॅक हवा असेल तर परवानग्या दोन: रचनेची प्रकाशकाकडून, रेकॉर्डिंगची लेबलकडून. एक मिळाली म्हणून काम सुरू करू नका. सॅम्पल पॅकमधले लूप रॉयल्टी-फ्री असतात, पण एकट्या तुमचे नसतात. तोच लूप दुसऱ्याच्या गाण्यात असला की यूट्यूबवर जाहिरातीवरच क्लेम येतो, तोही लाँचच्या दिवशी. हुक स्वतः वाजवा, लूप फार तर हॅट आणि पर्कशनपुरते.

करारात माध्यम, प्रदेश, मुदत आणि कट-डाउनची संख्या लिहून घ्या. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर चित्रपटगृहातलं प्रदर्शन वगळता संगीतकाराचा रॉयल्टीतला समान वाटा करार करूनही निर्मात्याला देऊन टाकता येत नाही, तेव्हा ‘सर्व हक्क कायमचे’ या ओळीखाली सही करण्याआधी ते कलम वकिलाला दाखवा आणि आयपीआरएसकडे (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था) रचनेची नोंद करा.

फाइली

४८ किलोहर्ट्झ, २४ बिट वेव्ह. ४४.१वर बनवलेला प्रोजेक्ट शेवटी बदलण्यापेक्षा पहिल्याच दिवशी ४८वर उघडा. स्टेम (वाद्यगटांचे वेगवेगळे ट्रॅक) सहा पुरेत: किक, बाकीचे ड्रम, बास, सिंथ, स्वर, रायझर-इफेक्ट. सगळे एकाच बिंदूपासून सुरू होणारे आणि एकाच लांबीचे, साइडचेन त्यांत छापलेलं. स्टेम एकत्र वाजवून मूळ मिक्सशी जुळतात का ते ऐकल्याशिवाय पाठवू नका. मास्टर बसवरचं (सगळे आवाज एकत्र येतात त्या चॅनेलवरचं) कॉम्प्रेशन स्टेममध्ये येत नाही आणि डबिंग स्टुडिओत बेरीज वेगळीच निघते. फाइलच्या नावात ब्रँड, लांबी, भाषा, टेम्पो आणि आवृत्ती लिहा. ‘फायनल’ हा शब्द नको. सिंथचे ट्रॅक ऑडिओ करून प्रोजेक्टसोबत ठेवा, कारण मुदतवाढीबरोबर दहा सेकंदांचा नवा कट मागितला जातो तेव्हा ते प्लगइन त्या मशिनवर उघडेलच असं नाही.