डिस्ट्रिब्युटरवाल्या जुन्या इंजिनचं टायमिंग लावताना

टायमिंगला, म्हणजे ठिणगी कधी पडते त्याला, हात लावण्याआधी पॉइंटचा गॅप बघा. पॉइंट म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधले (प्लगना ठिणगी वाटणारा भाग) उघडझाप करणारे संपर्क; ते उघडले की ठिणगी पडते. बऱ्याच इंजिनांत तो ०.४ मिमीच्या आसपास असतो, पण मॅन्युअलमधला आकडाच खरा. हा क्रम उलटा करू नका, कारण गॅप वाढवला की पॉइंट लवकर उघडतात आणि लावलेलं टायमिंग पुढे सरकतं.

क्रँक पुलीवरची खूण तारेच्या ब्रशने घासून त्यात खडू भरा. इंजिन गरम करून आयडलवर, म्हणजे रेस न देता चालू ठेवा. मॅन्युअलमध्ये तसं सांगितलं असेल तर डिस्ट्रिब्युटरला जाणारी व्हॅक्यूमची नळी काढून तिच्या तोंडात स्क्रू खुपसा. टायमिंग लाइटची (ठिणगीबरोबर लुकलुकणारा दिवा) क्लिप एक नंबर सिलिंडरच्या प्लग वायरला, आणि लाइट पुलीच्या खुणेवर. सैल बाह्या आणि वायरी पंख्यापासून लांब.

आता क्लॅम्पचा नट इतकाच ढिला करा की डिस्ट्रिब्युटर हाताने, जरा जोर लावून फिरेल. खूण मॅन्युअलमधल्या आकड्यावर येईपर्यंत फिरवा. रोटरच्या (डिस्ट्रिब्युटरच्या आत फिरणारा तुकडा) उलट दिशेला फिरवलं की ठिणगी लवकर पडते, त्याच दिशेला फिरवलं की उशिरा. केसभर फिरवलं तरी खूण बरीच हलते. नट आवळताना टायमिंग हमखास सरकतं, म्हणून पुन्हा लाइट मारा.

मग रेस द्या. खूण सावकाश पुढे गेली पाहिजे. जागची हललीच नाही तर डिस्ट्रिब्युटरच्या आतली, वेग वाढला की ठिणगी लवकर पाडणारी वजनं गंजून अडकलीत. खूण आयडललाच थरथरत असेल तर डिस्ट्रिब्युटरच्या शाफ्टचा बुश झिजलाय किंवा टायमिंग चेन सैल आहे. तिथे कितीही फिरवून उपयोग नाही.

चढावर टकटक आली, स्टार्टर उलटा झटका देऊ लागला, तर ठिणगी फार लवकर पडतेय. गाडी मंद आणि इंजिन तापतंय? मग उशिरा.