तलंगांचे खाद्य आणि सरासरी वजनाचा सापळा

पिल्ले ब्रूडरखाली, म्हणजे ऊब देणाऱ्या दिव्याखाली, असेपर्यंत नवखा माणूस डोळ्यांत तेल घालून जागतो आणि अंडी सुरू झाली की पुन्हा सावध होतो. मधले आठवडे मात्र तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या, आपोआप वाढतील या समजुतीत निघून जातात. या काळात अंडे एकही मिळत नाही आणि खाद्याची पोती तेवढी रिकामी होत राहतात, त्यामुळे काटकसरीचा मोह नेमका इथेच होतो. पिल्लांचे स्टार्टर, वाढीच्या वयातले ग्रोअर, अंड्यांच्या तोंडावरचे प्रिलेअर आणि अंड्यांवरचे लेअर हा खाद्यांचा क्रम वाचकांना ठाऊक असेलच. स्टार्टरमध्ये साधारण 20 टक्के आणि ग्रोअरमध्ये 16 टक्क्यांच्या आसपास प्रथिने असतात, हेही माहीत असेल. परंतु कोणते खाद्य कितव्या आठवड्यापर्यंत द्यावे याचे जे आकडे सांगितले जातात, ते त्या वयाचे अपेक्षित वजन गाठलेल्या पक्ष्यांसाठी असतात, ही अट फारसे कोणी बोलून दाखवत नाही. आठ आठवड्यांची पिल्ले त्या जातीच्या वयानुसार अपेक्षित वजनांच्या तक्त्यापेक्षा हलकी भरत असतील, तर स्टार्टर बंद करू नये. वजन गाठेपर्यंत ते चालू ठेवावे. हाडांचा सांगाडा बाराव्या आठवड्याच्या सुमारास जवळजवळ पूर्ण होतो, आणि त्यानंतर भरून काढलेले वजन बहुतांशी मांस व चरबीच्या रूपाने चढते, सांगाडा मात्र लहानच राहतो.

मी ज्या सापळ्यात सापडलो तो याच्या पुढचा आहे, आणि त्याबद्दल थोडे पाल्हाळ होणार आहे. वजन करणे मला माहीत होते, मी ते करतही होतो आणि सरासरी तक्त्याशी जुळत होती. परंतु सरासरी जुळणे म्हणजे कळप जुळणे नव्हे. समजा, 100 तलंगांपैकी 50 तलंगा 800 ग्रॅमच्या आणि 50 तलंगा 1200 ग्रॅमच्या आहेत. सरासरी बरोबर 1000 ग्रॅम येते, मात्र त्या वजनाची एकही तलंग शेडमध्ये नसते. म्हणून प्रत्येक पक्षी स्वतंत्रपणे तोलावा, प्रत्येक आकडा लिहावा आणि सरासरीच्या 10 टक्के खाली ते 10 टक्के वर एवढ्या पट्ट्यात किती पक्षी बसतात ते मोजावे. शंभरातले 80 किंवा अधिक बसले तर कळप एकसारखा मानावा. पाच-पाच पक्षी एका क्रेटमध्ये घालून वजनाला पाचाने भागणे ही पळवाट मला अजिबात मान्य नाही, कारण जे शोधायचे तेच त्या भागाकारात लपते. तसेच हाताला सापडेल तो पक्षी तोलू नये; जाळीने एक कोपरा अडवावा आणि आत आलेला प्रत्येक पक्षी, अगदी मरतुकडा दिसणारासुद्धा, काट्यावर ठेवावा. दर आठवड्याला वार आणि वेळ एकच ठेवावी, कारण अन्नपिशवी भरलेली असेल तर आकडा फसवतो. ‘नुसते बघून वजन कळते’ असे सांगणारे अनुभवी गृहस्थ प्रत्येकाला भेटतात. त्यांचा आदर जरूर करावा, पण त्यांच्या अंदाजावर खाद्य बदलू नये.

कळप विषम होतो तो बहुधा फीडरपाशी. जागा अपुरी असली की दांडगे पक्षी आधी जाड दाणे वेचून खातात आणि दुबळ्यांच्या वाट्याला तळाची भुकटी उरते. बोटाने तळ खरवडून पाहिला तर तो फिकट, पिठूळ थर लगेच दिसतो. जीवनसत्त्वे, खनिजे आणि बाहेरून मिसळलेली अमिनो आम्ले बरीचशी याच थरात असतात, त्यामुळे तो रोज साचू देणे दोघांनाही महागात पडते. जुन्या खाद्यावर नवे ओतत राहण्याऐवजी दिवसातून एकदा फीडर पूर्ण रिकामा होऊ द्यावा आणि मगच भरावा. चोच कापल्यानंतरचे काही दिवस मात्र याला अपवाद आहेत. तेव्हा दुखरी चोच तळाला लागू नये म्हणून खाद्याचा थर जाडच ठेवावा.

लसीकरणानंतर एखाद्या आठवड्यात वजन थोडे मागे पडले, तर रात्रीची झोप घालवण्याचे कारण नाही. हलके पक्षी वेगळ्या कप्प्यात काढून त्यांना गर्दीविना खाऊ दिले आणि आधीचेच खाद्य चालू ठेवले, तर त्यांतील बरेच पक्षी सावरतात. हे काम लहान वयात जितके सोपे असते तितके पुढे राहत नाही.

लेअर खाद्य लवकर सुरू केले की अंडीही लवकर मिळतात, या सल्ल्याबाबत मात्र मी सौम्य बोलू शकत नाही. ग्रोअरमध्ये कॅल्शियम सुमारे 1 टक्का असते, लेअरमध्ये साडेतीन ते चार टक्के. अंड्यावर न आलेल्या तलंगेला एवढे कॅल्शियम वापरता येत नाही. ते बाहेर टाकण्याचा भार मूत्रपिंडांवर पडतो, युरेट (युरिक आम्लाचे क्षार) साचतात आणि पुढे अंड्याच्या भरात पक्षी दगावू लागतात. विषम कळपात हा पेच दुहेरी होतो: मोठ्या तलंगांना चुना हवा असतो, त्याच फीडरवर खाणाऱ्या लहान तलंगांना तो बाधतो, आणि अशा कळपासाठी कोणतीच तारीख बरोबर ठरत नाही. प्रकाशाचेही तसेच आहे. दिवे लावून दिवस लांबवणे वजन गाठल्यानंतरच सुरू करावे, नाहीतर लहान सांगाड्याची तलंग अंड्यावर येते, बारीक अंडी देते आणि प्रोलॅप्सने (अंडनलिका बाहेर येऊन) हातची जाते.

तुरे लाल होऊ लागले की दोन ते अडीच टक्के कॅल्शियमचे प्रिलेअर द्यावे. पहिल्या अंड्याच्या सुमारे दोन आठवडे आधी हाडांच्या पोकळीत कॅल्शियमचा साठा तयार होऊ लागतो, त्यासाठी ते पुरेसे असते. उरले आहे म्हणून ते पुढे रेटू नये, कारण एका कवचात सुमारे 2 ग्रॅम कॅल्शियम जाते आणि 100 ग्रॅम प्रिलेअर खाऊन पोटात जेमतेम तेवढेच येते. त्यातलेही सगळे शोषले जात नाही, तूट हाडांतून भरली जाते. कळपात अंडी दिसू लागली की तीन-चार दिवसांत मिसळत मिसळत लेअरवर यावे. त्यातील चुनखडीचा बराच भाग जाड कणांचा असावा, कारण कवच मुख्यतः रात्री तयार होते आणि जाड कण गिझार्डमध्ये (दाणे दळणाऱ्या जठरात) थांबून तेव्हा हळूहळू विरघळतात.